वैद्यविद्येचे ऋण

दरसाल उन्हाळ्यात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला म्हणजे गावोगावी पेढे वाटले जातात आणि यशस्वी विद्यार्थ्यांच्या तसबिरी चौकाचौकांत झळकू लागतात. सन २०२४ मध्ये या परीक्षेस नावे नोंदविणारांची संख्या २४ लाखांवर गेली होती, व त्यांत निम्म्याहून अधिक मुली होत्या. ही गोष्ट अभिमानाची आहे यात शंका नाही. तथापि आनंदाच्या या भरात एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. वैद्यविद्या ही एखाद्या हुशार मुलाने अगर मुलीने केवळ स्वतःच्या बुद्धीच्या बळावर संपादन केलेली मिळकत आहे काय? आमचे मत असे की, ती मिळकत नव्हे, ते ऋण होय. तिचे भांडवल अनेकांनी पुरविलेले असते. ज्याच्या हाती पदवी पडते तो त्या खात्यातील शेवटचा ऋणको मात्र असतो. आमच्या वाचकांत व्यापारी मंडळी पुष्कळ आहेत, तेव्हा देणे कशास म्हणतात व ते न फेडल्यास पेढीची काय गत होते, हे त्यांस आम्ही सांगावयास नको. आमचे म्हणणे युक्तिवादापेक्षा एका चरित्रावरून अधिक स्पष्ट होईल असे वाटल्यावरून डॉ. रखमाबाई यांची हकीकत येथे देत आहो.

रखमाबाईंचा जन्म ता. २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्या अडीच वर्षांच्या असतानाच त्यांचे वडील जनार्दन पांडुरंग निवर्तले. आई जयंतीबाई तेव्हा अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या ज्ञातीत पुनर्विवाहास मोकळीक होती, म्हणून काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. तत्पूर्वी पहिल्या पतीची मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे करून दिली. डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजातील अध्यापक, नामांकित वैद्य व वनस्पतिशास्त्राचे जाणते होते. सन १८८३ मध्ये मुंबईत निसर्गेतिहासाच्या अभ्यासासाठी जी प्रसिद्ध संस्था निघाली, तिच्या आद्य संस्थापकांत ते होते. अशा घरात वाढलेल्या मुलीस पुस्तकांची गोडी लागली नसती तरच नवल.

परंतु घर सुधारकाचे असले तरी रूढी उंबरठ्यापाशी थांबत नाही. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी या सुमारे एकोणीस वर्षांच्या मुलाशी लावण्यात आले. जावयाने सासरच्या आधाराने राहून विद्या करावी अशी योजना होती, ती फसली. जावई शिकला नाही, आणि पुढे आपल्या मामाकडे जाऊन राहिला. इकडे मुलगी मात्र शिकत गेली. ती वयात आली तेव्हा तिला सासरी पाठवावे असा आग्रह सुरू झाला. लहान वयातील मुलीवर संसार लादल्याने तिच्या शरीराची काय हानी होते हे डॉ. सखाराम अर्जुन वैद्य या नात्याने जाणून होते, व त्यांनी या आग्रहास मान दिला नाही. त्यामुळे रखमाबाई आईच्या घरीच राहिल्या. शाळेत जाणे शक्य नव्हते. मिशनच्या वाचनालयातून आणलेली पुस्तके हीच त्यांची शाळा झाली.

सन १८८४ मध्ये दादाजींनी पत्नीचा ताबा मिळावा म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. पुढील चार वर्षे या एका खटल्याने सारा देश ढवळून निघाला. ता. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला, तो रखमाबाईंच्या बाजूचा होता. अजाण वयात लागलेल्या आणि संसाराची सुरुवातही न झालेल्या लग्नावरून एका सज्ञान स्त्रीस तिच्या इच्छेविरुद्ध पुरुषाच्या घरी पाठविणे त्यांस रास्त वाटले नाही. त्यावर मोठा गहजब झाला. धर्म बुडाला अशी ओरड पुष्कळ पत्रांनी केली, व त्यांत केसरीही होता. बेहरामजी मलबारी यांच्यासारखे थोडे लोक रखमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले. आम्ही वर्तमानपत्राच्या धंद्यातील असल्याने ही गोष्ट लपवून ठेवू इच्छीत नाही. ज्या लेखण्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी झिजल्या, त्यांतील काही एका मुलीच्या स्वातंत्र्यापाशी येऊन अडखळल्या, हे सत्य मान्य करणे हाच त्या लेखण्यांचा खरा आदर होय. स्वतः रखमाबाईंनीही नाव झाकून, एक हिंदू स्त्री या सहीने, सन १८८५ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया पत्रात बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली होती. त्याच वर्षी डॉ. सखाराम अर्जुन वारले आणि घराचा आधार गेला.

अपिलात निकाल फिरला. ता. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की, रखमाबाईंनी एक महिन्याच्या आत पतीगृही जावे, नाहीतर सहा महिन्यांची कैद भोगावी. बावीस वर्षांच्या या तरुणीने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर सन १८८८ च्या जुलैमध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला. दोन हजार रुपयांत एका स्त्रीस तिचे स्वतःचे आयुष्य परत मिळाले, असे या व्यवहाराचे सार आहे. सौदा लाजिरवाणा खराच, पण त्यातून पुढे सुरतेच्या व राजकोटच्या स्त्रियांस जे मिळाले ते पाहता इतका किफायतशीर सौदा त्या शतकात दुसरा झाला नसेल.

आयुष्य हाती आले, त्याचे करावयाचे काय? येथे एका इंग्रज बाईंचे नाव घेतले पाहिजे. मुंबईच्या कामा इस्पितळाच्या प्रमुख डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईंस वैद्यकीचा मार्ग दाखविला, व त्यासाठी लागणारी मदत जमविण्यात पुढाकार घेतला. या पीचीबाई मुंबईत आल्या त्याही व्यापाऱ्यांमुळेच. जॉर्ज किटरिज हा अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली हे पारशी गृहस्थ यांनी हिंदी स्त्रियांस स्त्री वैद्य मिळावे म्हणून फंड उभारला होता. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून सन १८८६ मध्ये स्त्रियांचे इस्पितळ उघडले. पुरुष डॉक्टरास नाडी दाखविण्यापेक्षा मरण बरे असे मानणाऱ्या हजारो स्त्रियांची गरज प्रथम ओळखली ती पेढीवर बसणाऱ्या माणसांनी. ही आठवण आमच्या व्यापारी बंधूंनी ठेवण्यासारखी आहे.

सन १८८९ मध्ये रखमाबाई विलायतेस निघाल्या. तेथे ईव्हा व वॉल्टर मॅक्लारेन या दांपत्याचा त्यांस आश्रय मिळाला; इंदूरच्या शिवाजीराव होळकर महाराजांनी ५०० रुपयांची देणगी दिली. लंडन येथील स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. त्या वेळी एलिझाबेथ गॅरेट अँडरसन या शाळेच्या प्रमुख होत्या.

ही शाळा कशी निघाली ते समजल्यावाचून वैद्यविद्येचे खरे स्वरूप ध्यानात येणार नाही. डॉक्टर होण्यास तीन दारे ओलांडावी लागतात. पहिले दार वर्गाचे व शवविच्छेदनगृहाचे, दुसरे इस्पितळाचे, तिसरे परीक्षा घेऊन सनद देणाऱ्या मंडळाचे. एक जरी बंद राहिले तरी बाकीची दोन उघडून उपयोग नाही. इंग्लंड-स्कॉटलंडात ही तिन्ही दारे स्त्रियांस बंद होती. सन १८६९ मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक व तिच्या सोबतिणी एडिंबरो विद्यापीठात शिरल्या. आपल्या पीचीबाई त्यांपैकीच एक. सन १८७० मध्ये पीचीबाईंनी रसायनशास्त्राच्या परीक्षेत जे स्थान मिळविले त्यावरून होप शिष्यवृत्ती त्यांची होती. पण त्या स्त्री म्हणून ती त्यांस नाकारून त्यांच्या खालच्या पुरुषास देण्यात आली. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात या विद्यार्थिनी शरीररचनेच्या परीक्षेस निघाल्या असता शस्त्रवैद्यांच्या सर्जन्स हॉल या इमारतीच्या फाटकाशी जमावाने त्यांची वाट अडविली, त्यांच्या अंगावर चिखल फेकला, आणि वर्गात एक मेंढी सोडून दिली. पुढे सन १८७३ मध्ये न्यायालयानेही विद्यापीठाचाच पक्ष उचलला, आणि पदवीवाचून त्यांस बाहेर पडावे लागले.

तेव्हा सन १८७४ मध्ये जेक्स-ब्लेक यांनी लंडनला स्त्रियांसाठी निराळी शाळा काढली. हे पहिले दार. सन १८७६ च्या कायद्याने सनद देणाऱ्या संस्थांस स्त्रियांची परीक्षा घेण्याची मुभा मिळाली, आणि आयर्लंडच्या वैद्यमंडळाने त्याचा लाभ प्रथम दिला. सन १८७७ मध्ये रॉयल फ्री इस्पितळाने आपले वॉर्ड विद्यार्थिनींस खुले केले. सन १८७८ मध्ये लंडन विद्यापीठाने पदव्यांची मोकळीक दिली, आणि सन १८८६ मध्ये स्कॉटलंडच्या वैद्यमंडळांची संयुक्त परीक्षाही स्त्रियांस उघडली. रखमाबाई लंडनला पोहोचल्या तेव्हा तिन्ही दारे उघडी होती; पण ती उघडण्यासाठी वीस वर्षे दुसऱ्या स्त्रियांनी अपमान सोसला होता. हे रखमाबाईंच्या खात्यावरील पहिले ऋण.

आता प्रत्यक्ष अभ्यास कसा असतो ते पाहू. सामान्य माणसाची समजूत अशी की, वैद्यकी म्हणजे जाड ग्रंथ पाठ करणे. पाठांतर पुष्कळ आहे हे खरे. हाडे, स्नायू, रक्तवाहिन्या, मज्जातंतू यांची शेकडो नावे व त्यांचे परस्परसंबंध जिभेवर यावे लागतात. परंतु ग्रंथात सरळ रेषेने दाखविलेली शीर प्रत्यक्ष प्रेतात कधी चरबीत दडलेली असते, कधी भलत्याच बाजूने गेलेली असते. ती आपल्या हाताने उकलून पाहिल्यावाचून विद्यार्थ्यास ज्ञान झाले असे म्हणता येत नाही. प्रेताच्या सावलीचाही विटाळ मानणाऱ्या समाजातून आलेल्या मुलीने शवविच्छेदनगृहात तासन्‌तास उभे राहून चिमटा व सुरी चालवावयाची, हाताला लागलेला वास घेऊन घरी यावयाचे, आणि दिव्यापाशी बसून तेच पुन्हा वाचावयाचे, हा काय प्रकारचा निग्रह आहे याची कल्पना वाचकांनीच करावी. शिवाय हे सर्व परक्या भाषेत, परक्या थंडीत, आणि शाळेचा नियमित पाया नसताना.

त्यापुढची पायरी इस्पितळाची. तेथे ग्रंथ मिटतो व माणूस उघडतो. रोग्याचा चेहरा, श्वासाची गती, नाडीची ओढ, त्वचेचा रंग यांवरून आत काय चालले आहे ते ओळखावयाचे. आपला तर्क चुकला तर का चुकला हे गुरूपुढे कबूल करावयाचे. आणि आपल्यास कळत नाही ते कळत नाही असे म्हणण्याची सवय लावून घ्यावयाची. रॉयल फ्री इस्पितळ सन १८२८ मध्ये विल्यम मार्सडेन यांनी गोरगरिबांस पैसा न घेता औषध मिळावे म्हणून काढले होते. म्हणजे तेथील विद्यार्थिनी ज्या देहांवर हात साधावयास शिकल्या, ते देह लंडनच्या दरिद्री माणसांचे होते. आजही आमच्या सरकारी इस्पितळांत हाच क्रम आहे. श्रीमंत रोगी खासगी खोलीत निजतो. शिकाऊ डॉक्टरांच्या घोळक्यापुढे पुन्हा पुन्हा पोट दाबून दाखवितो तो गरीबच. प्रत्येक निष्णात डॉक्टराच्या बोटांत अशा शेकडो अनामिक गरिबांनी दिलेले शिक्षण असते. हे दुसरे ऋण, आणि आमच्या मते सर्वांत मोठे.

रखमाबाई शिकत होत्या तो काळही वैद्यकाच्या मोठ्या स्थित्यंतराचा होता. सन १८४७ मध्ये व्हिएन्ना येथे सेमेलवाइस यांनी दाखवून दिले होते की, बाळंतिणींचा घात करणारा सूतिकाज्वर डॉक्टरांच्याच न धुतलेल्या हातांतून पसरतो. त्यांचे म्हणणे त्या वेळी फारसे कोणी ऐकले नाही. सन १८६७ मध्ये लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धती प्रसिद्ध केली, आणि सन १८८२ मध्ये कॉख यांनी क्षयाचे जंतू ओळखले. तेव्हा १८८९ नंतर शिकणाऱ्या विद्यार्थिनीस प्रसूतिशास्त्राचा पहिला धडा हात स्वच्छ करण्याचा मिळत होता. दिसावयास केवढी क्षुल्लक गोष्ट! परंतु कळकट खोलीत, फाटक्या चिंध्यांवर बाळंतपणे उरकणाऱ्या आमच्या देशात हाच धडा शेकडो प्राण वाचविणारा होता.

पाच वर्षांचा अभ्यास संपल्यावर तिसरे दार आले. रखमाबाई स्कॉटलंडच्या संयुक्त परीक्षेत उत्तीर्ण झाल्या, आणि ब्रुसेल्स येथील एम.डी. ही पदवीही त्यांनी मिळविली. ही संयुक्त परीक्षा घेणाऱ्या मंडळांत एडिंबरोचे शस्त्रवैद्यांचे मंडळ होते; ज्या सर्जन्स हॉलच्या फाटकाशी सन १८७० मध्ये गुरूवर चिखल उडाला, ती इमारत याच मंडळाची. त्याच मंडळाच्या नावाने शिष्येस सनद मिळाली. इतिहास कधी कधी आपला हिशेब असा चोख करतो.

सन १८९४ मध्ये विद्या पुरी झाली. विलायतेत राहून सुखाने धंदा करणे त्यांस अशक्य नव्हते. पण त्या परत आल्या. प्रथम मुंबईस कामा इस्पितळात व नंतर सुरतेस स्त्रियांच्या इस्पितळात त्यांनी काम केले. सुरतेची बरीच वर्षे झाल्यावर त्या राजकोटच्या जनाना इस्पितळात गेल्या, आणि तेथून निवृत्त झाल्या. सारी मिळून सुमारे पस्तीस वर्षांची ही चाकरी. तिच्यात खटल्याच्या वेळचा गाजावाजा नव्हता. वर्तमानपत्रांचे रकाने नव्हते. रोज सकाळी वॉर्डातून फिरावयाचे, अडलेल्या बाईस सोडवावयाचे, इस्पितळाच्या नावाने भिणाऱ्या सासवांची समजूत घालावयाची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. निवृत्तीच्या सुमारास, सन १८२९ च्या सतीबंदीस शंभर वर्षे झाली त्या १९२९ साली, पडदापद्धती का नाहीशी झाली पाहिजे यावर त्यांनी निबंध लिहिला. ता. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. घेतलेले ऋण त्यांनी व्याजासह फेडले होते.

येथे कोणी म्हणेल की, पहिल्या स्त्री डॉक्टरचा मान आनंदीबाई जोशी यांचा. तो आम्ही नाकारीत नाही. सन १८८६ मध्ये फिलाडेल्फियास पदवी घेऊन त्या परत आल्या, आणि सन १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, क्षयाने गेल्या. त्यांच्या हाती काळानेच वेळ ठेविला नाही. म्हणून दोघींची चरित्रे शेजारी ठेविली म्हणजे एक गोष्ट लख्ख दिसते. वैद्यविद्येस बुद्धी लागते, पैसा लागतो, परंतु सर्वांत आधी लागतो तो अखंड वेळ. ज्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही असा वेळ. बुद्धी निसर्ग देतो. पैसा वर्गणीने जमतो. पण मुलीच्या आयुष्यातील ही वर्षे देणे न देणे हे तिच्या घरच्यांच्या हाती असते. रखमाबाईंस ती वर्षे मिळविण्यासाठी हायकोर्टात झगडावे लागले, हे त्यांच्या अभ्यासक्रमातील सर्वांत कठीण प्रकरण म्हटले पाहिजे.

आज काय स्थिती आहे? एम.बी.बी.एस.चा अभ्यास साडेचार वर्षांचा, व त्यावर एक वर्षाची सक्तीची उमेदवारी. प्रवेशपरीक्षेस बसावयास वयाची सतरा वर्षे पुरी व्हावी लागतात. सन २००६ च्या कायद्याने मुलीचे लग्न अठराच्या आत करणे हा गुन्हा आहे. असे असूनही सन २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले की, महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली होती. पाचांत एक! ज्या वयात प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरावयाचा, त्या वयात या मुली दुसऱ्याच्या घरची चूल पेटवीत होत्या. त्यांत किती रखमाबाई हरपल्या याचा हिशेब कोणत्याही वहीत सापडणार नाही. आणि ज्या सुदैवी मुली पदवीपर्यंत पोहोचतात, त्यांपैकी काहींची पाटी लग्नानंतर दारावर लागतच नाही, हेही आपण आपल्या आप्तेष्टांत पाहतो. लग्नाच्या बाजारात पदवी दागिन्यासारखी मिरवावयाची आणि मग पेटीत ठेवून द्यावयाची, ही रीत गरिबांच्या देहावर मिळविलेल्या विद्येची विटंबना होय.

तेव्हा आमचे सांगणे दोघांस आहे. डॉक्टर होणाऱ्या मुलामुलींस असे की, सनद हातात घेताना आपल्या खात्यावर कोणाकोणाची नावे आहेत ती एकवार वाचा, आणि निदान काही वर्षे तरी जेथे डॉक्टर नाही तेथे जाऊन त्यांची फेड करा. गावातील धनिक व व्यापारी मंडळींस असे की, कामाशेटजींनी इस्पितळ बांधले, किटरिज व बंगाली यांनी फंड उभारला, त्याची फळे पिढ्यान्‌पिढ्या मिळत आहेत. घरच्या एका लग्नातील एका जेवणावळीचा खर्च वाचवून एखाद्या गरीब मुलीच्या साडेपाच वर्षांची तजवीज करणे तुमच्यापैकी पुष्कळांस शक्य आहे. मात्र देणगीबरोबर एक अट घाला: विद्या पुरी होईपर्यंत तिच्या आईबापांनी लग्नाचा विषय काढू नये. पैशाची मदत पुष्कळांनी केली, परंतु वेळेची हमी घेणारे फार थोडे. ती हमी जो घेईल त्याने एक डॉक्टर नव्हे, पस्तीस वर्षांची रुग्णसेवा विकत घेतली असे आम्ही समजू.